पद्धत येईपर्यंत

आमच्या वस्तीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. बाभुळगावजवळचं आमचं गाव. देव्हारा रिकामा झाला होता आणि लग्न लावणाऱ्या जुन्या बुवाला आता बोलवायचं नव्हतं. मग लग्न लावायचं कसं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तसं कबूल करणारे मात्र थोडेच. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी तर भर मे महिन्यात कोट घालून सांगत, "नागपूरहून पद्धत येऊन राह्यली. तोवर कोनं आपल्या मनानं काही करायचं नाई."

मला लग्नाची घाई नव्हती. यवतमाळला मास्तरणीचं माझं ट्रेनिंग निम्मं झालं होतं, आणि उरलेल्या वर्षाबद्दल वणीकडच्या सासरचं उत्तर 'पुढं पाहू' एवढंच होतं. त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे कळायला ट्रेनिंग लागत नाही.

लग्नाच्या दिवशी वंदना म्हणणारे गुरुजी आलेच नाहीत. त्या उन्हाळ्यात वंदना पाठ असलेल्या माणसाला नवरदेवापेक्षा जास्त मागणी होती. आमच्या गुरुजींना वाटेतल्या एका गावानं धरून ठेवलं, असं नंतर कळलं. इकडे मांडवात वऱ्हाड घामाघूम. अखेर नवरदेवाचे मामा उठले.

"इवाईबुवा, हे लगन हाय का पंचायत? जमत नसन तं जुन्या बुवाले बोलवा, नाई तं आमी बैल जुंपतो."

वडील सेक्रेटरींकडे पाहत राहिले. सेक्रेटरी आपल्या कोटाच्या बटणांकडे.

मी आत दीक्षेच्या वेळचं पांढरं लुगडं नेसून बसले होते. आत्याला ते मुळीच पसंत नव्हतं. "नवरी हायस का रंडकी?" असं ती सकाळपासून विचारत होती. मी तिला म्हटलं, "आत्या, मले येते त्रिशरण. मीच म्हनते."

"नवरीनं म्हनाव? तुले कोनं सांगतलं?"

"कोनंच नाई. म्हनूनच तं."

आत्यानं माझा पदर सारखा केला. "मंग मोठ्यानं म्हन. बारीक आवाजाले कोनी भीत नाई."

मी बाहेर येऊन नवरदेवाशेजारी उभी राहिले आणि सुरुवात केली. मी म्हणायचं, मांडवानं मागून म्हणायचं. पहिली ओळ संपली आणि लोकांनी हळद लावलेली ज्वारी आमच्यावर फेकली. जुन्या लग्नात 'सावधान' आलं की हात आपोआप सुटायचा. इथे माझी ओळ थांबली की सुटत होता. त्रिशरण संपेतो अक्षताही संपल्या. पंचशील लोकांनी रिकाम्या हातांनी, जरा ओशाळून, पण लक्ष देऊन ऐकलं.

ते लक्ष वाया घालवणं माझ्या जिवावर आलं. पंचशील होताच मी म्हटलं, "आता नवरदेवाची प्रतिज्ञा." अशी काही चीज असते हे मलाही तेव्हाच कळत होतं. बायकोला हलकं बोलणार नाही, दारूला शिवणार नाही, हे त्यानं मुकाट्यानं म्हटलं. मग मी पुढची ओळ सांगितली, "तिचं शिक्षण पुरं होईस्तोवर तिले शाळेतून काढनार नाई."

मामांनी विचारलं, "हे बी पद्धतीतच हाय का?"

"हो," मी म्हटलं.

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. पद्धत माहीत नाही म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं. नवरदेवानं माझ्याकडे तिरकं पाहिलं, मिशीत हसला आणि ओळ खणखणीत म्हटली.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी शेजारच्या गावी एक लग्न लावलं, अगदी याच पद्धतीनं, एक शब्द न बदलता. तिथल्या नवरीनं शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. तिच्या नवरदेवानंही तिला शाळेतून न काढण्याची प्रतिज्ञा केली.

जूनमध्ये मी ट्रंक भरायला घेतली, तशा सासूबाई कुरकुरू लागल्या. त्यांना गप्प केलं ते मामांनी. "मांडवातलं कबूल केलेलं मोडलं तं लगनच खोटं म्हनतीन लोकं," असं बहिणीला सुनावून त्यांनी माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि मोटारस्टँडकडे निघाले. वाटेत म्हणाले, "सूनबाई, एवढं मनानं जोडलं, त्यात मामाच्या मानाचं एखादं धोतर टाकलं असतं तं काय बिघडलं असतं?"