रानडुकरांना ऐकवलेली बोलणी

काराजंगाक या डोंगरातल्या मुसलमान गावात रानडुकराचं मांस कुणी खात नाही, आणि हे डुकरांना पक्कं ठाऊक आहे. अक्रोडाच्या रानातून ती पाहुण्यांसारखी निवांत उतरतात आणि बटाट्याची शेतं उकरून जातात.

त्या संध्याकाळी कुमुशाय ओसरीवर चहा पीत बसली होती. शेताकडून एका बाईचं ओरडणं ऐकू आलं. कुणाच्या तरी सुनेला ती आळशी म्हणत होती, तिच्या माहेरचा उद्धार करत होती. काय कजाग बाई आहे, असं कुमुशायच्या मनात आलं. तेवढ्यात ती बाई करपलेल्या दुधावरून बोलू लागली आणि कुमुशायने चहा खाली ठेवला. आवाज तिचा स्वतःचाच होता.

ती तरातरा शेतात गेली. जर्दाळूच्या झाडाला भोंगा बांधला होता, त्याला सुनेचा जुना मोबाइल जोडला होता आणि खाली तिची सून झूरा मान खाली घालून उभी होती. झूराचा नवरा रशियात बांधकामावर, घरात या दोघीच. कुमुशाय तरुणपणी सामुदायिक गोठ्यावर मुकादम होती. तिने इकडून हाक मारली की ओढ्यापलीकडच्या गायी वळायच्या. लग्न होऊन सहा वर्षं झाली, तरी झूराचा आवाज मात्र शेजाऱ्यांनी कधी ऐकला नव्हता.

"डबे वाजवून झाले, कुत्रा बांधून झाला, आपा," झूरा हळूच म्हणाली. सासूला ती आपा म्हणे. "कशालाच भीक घातली नाही. तुमचा आवाज लावला आणि तिसऱ्या दिवशी शेत मोकळं."

रागवावं की अभिमानाने फुगावं, हे कुमुशायला ठरवता येईना. शेवटी ती म्हणाली, "दुधाचं नीट आलेलं नाही. उद्या परत घे. पोटातून बोलते."

मग रोज सकाळी ती घसा साफ करून मोबाइलसमोर बसू लागली. शिव्या सगळ्या तिथेच खर्ची पडत, घरात शांतता असे, आणि झूराच्या अंगावर जरा मांस चढलं.

दोन आठवडे बरे गेले. मग डुकरं सरावली. वनरक्षक सत्तारने येऊन सांगितलं की एक मादी भोंग्याखालीच पाठ खाजवत असते, पिल्लं तिथेच लोळतात. कुमुशायला हे फार लागलं.

"यंत्रातून काय कळणार त्यांना?" ती म्हणाली, आणि पहाटे काठी घेऊन एकटीच निघाली.

मादी तिथेच होती, पट्ट्यापट्ट्यांची सात पिल्लं घेऊन. कुमुशायने तोंड उघडलं, पण पहिला शब्द पुरा होण्याआधीच मादी धावून आली. अडुसष्ट वर्षांची बाई जर्दाळूवर कशी चढली, हे तिला आजही सांगता येत नाही. काठी खाली पडली, एक जोडाही पडला. जोडा पिल्लांनी चघळायला घेतला.

सासू दिसत नाही म्हणून झूरा शोधत आली आणि बांधावरच थबकली. मग तिने तोंड उघडलं. मीठ कमी, मीठ जास्त, शेवयांची जाडी, सहा वर्षांत एकदाही न मिळालेलं माहेरपण, सगळं एका दमात बाहेर पडलं. मादी पिल्लांसकट रानात पळाली. कुमुशाय फांदीवरून पडता पडता राहिली.

खाली उतरल्यावर तिने डोक्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. "ते माहेरचं, ते डुकरांना होतं का?"

"डुकरांनाच, आपा."

"बरं. ईदला जाऊन ये. दहा दिवस राहा."

भोंगा उतरवला गेला. पुढच्या वसंतात दोघींनी रानाच्या बाजूला लसूण लावला, कारण लसणाला डुकरं तोंड लावत नाहीत, आणि ओढ्याकाठची गळून पडलेली सफरचंदं वेचायची सोडून दिली. मादी आता तिकडेच चरते. कधी वाट चुकून बटाट्यात येते, चार रोपं उकरते. तेव्हा कुमुशाय ओसरीवरून झूराला म्हणते, "जा, तू बोल तिच्याशी. माझं कुठे ऐकते ती."