कूलरमधला साप आणि नामदेवभाऊंचा उजवा हात

"मॅडम, एवढंच सांगा जी, विषारी का बिनविषारी? मंग मी हातानंच काढतो."

नामदेवभाऊ उघड्या कूलरपाशी उभे होते आणि मी त्यांच्या मागे. खरं सांगायचं तर बरीच मागे.

सत्तरच्या दशकातला मे महिना. नागपूरच्या उत्तर भागात वच्छलामावशींच्या घरी आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मी कॉलेजात झूलॉजी शिकवायचे. त्यात साप येतात, म्हणून मोहल्ल्यात कुणाच्याही घरी काही सळसळलं की बोलावणं मला. एरवी निघायची ती पाल. तोवर माझं नाव पालींवरच टिकून होतं.

त्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. घरात खीर शिजत होती. मावशींचे धाकटे भाऊ नामदेवभाऊ हिंगण्याच्या कारखान्यात होते. सुट्टी म्हणून बहिणीकडे आलेले. दुपारी त्यांनी अंगणातल्या कूलरची वाळ्याची खस बदलायला एक बाजू उघडली, तर आत पाण्याच्या वरच्या कोरड्या पट्टीवर साप! काळा, अंगावर पांढरे पट्टे, वेटोळं करून गार हवा खात पडलेला. पलीकडच्या खोलीत मावशींची लेक तान्ह्या बाळाला घेऊन झोपली होती. तिला आधी माझ्या खोलीत नेलं आणि कूलरचा प्लग काढला. इथवर मी अगदी शहाण्यासारखी वागले.

शेजारचा एक जण काठी घेऊन आलाच. मावशींनी त्याला दारातच अडवलं.

"सकाळी पंचशील घेतलं अन् दुपारी जीव मारू का गा? काठी ठेव तिकडं. मॅडम हायेत ना!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता जरा शास्त्र सांगते. घरात शिरणारे पांढऱ्या पट्ट्यांचे दोन साप आपल्याकडे सापडतात. एक कवड्या. तो चिडका, चावतोही, पण विष नाही. दुसरा मण्यार. त्याचा दंश धड दुखत नाही, सुजत नाही. माणूस म्हणतो काही झालं नाही, आणि काही तासांत त्याचा श्वास बंद पडतो. ओळखायचं कसं? कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारची मान साधी काळी, पट्टे शेपटीकडे ठळक. आमच्या विभागप्रमुखांना मान्य असलेल्या पुस्तकी पद्धतीत तर याहून पक्की खूण दिलेली: साप उताणा करून पोटाचे खवले बघा, मग खालच्या ओठाचा चौथा खवला मोठा आहे का ते तपासा. मी हे वर्षानुवर्षं मुलांना डिक्टेट केलं. तो ओठ धरणार कोण, हे एकाही पोरानं विचारलं नाही. मलाही सुचलं नाही, कारण आमचे साप बरणीत असायचे. फॉर्मॅलिनमध्ये मुरून कवड्या आणि मण्यार दोघंही सारखेच राखाडी झालेले. मी चिठ्ठी वाचून साप ओळखायचे.

या सापाला चिठ्ठी नव्हती. मान वेटोळ्याखाली दडवलेली. शेपटी कुठली, तेही कळेना.

पण एवढी माणसं जमलेली. मी ऐटीत म्हणाले, "कवड्या आहे. बिनविषारी."

"वा!" नामदेवभाऊंनी घड्याळ काढून बहिणीच्या हातात दिलं आणि उजव्या हाताची बाही वर सारली. "सुस्त पडून राहिला बिचारा. आता काढतो."

सुस्त! कवड्या एव्हाना फिस्कारला असता. दिवसा सुस्त पडतो तो मण्यार. हात कूलरच्या आत चालला होता.

"थांबा!"

"काहून? बिनविषारी हाय ना?"

कॉलेजातली माझी शुद्ध मराठी त्या क्षणी मला सोडून गेली. "मले नाही माहीत!" मी ओरडले. "मले काहीच नाही माहीत! हात काढा पहिले!"

हात बाहेर आला. अंगणभर हशा पिकला. "मॅडम भेल्या वं, मावशी!" कुणीतरी म्हणालं. लाजेनं कानशिलं तापली, पण भीती त्याहून मोठी होती. त्या भीतीपोटीच मी पुढचं काम नीट केलं. सापाला अंधार हवा असतो, एवढं नक्की माहीत होतं. मावशींचा झाकणाचा तांदळाचा पिपा रिकामा करून स्टुलावर आडवा ठेवला, तोंड कूलरला भिडवलं. नवऱ्याचे गमबूट चढवले. घाईत डावा उजव्या पायात. कोळ्याची जाळी काढायच्या लांब बांबूनं सापाला हळूच डिवचलं. तो शांतपणे अंधाऱ्या पिप्यात सरकला. बांबूनंच झाकण लोटलं आणि वरून दोरीच्या इतक्या गाठी मारल्या की पुढं सोडताना जीव गेला.

"आता त्यात तांदूळ कोन ठेवन?" मावशी म्हणाल्या.

नवऱ्याच्या स्कूटरवर मागे पिपा धरून बसले. गोरेवाड्याकडच्या झुडपांत पोचलो. नवरा स्कूटर चालूच ठेवून, पाठ फिरवून बसला. मी पिपा आडवा करून लांबून बांबूनं झाकण उघडलं. साप उन्हात बाहेर आला. मान साधी, काळीभोर. पट्टे शेपटीकडे ठळक होत गेलेले. पाठीच्या मधोमध मोठ्या खवल्यांची रांग, अगदी पुस्तकात काढतात तशी. उताणा करायची गरजच पडली नाही.

मण्यार.

शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून मी रडले. नवऱ्याला वाटलं, साप चावला.

घरी येऊन सांगितलं, "नामदेवभाऊ, मण्यार होता."

"आता म्हून राहिल्या!" ते हसले. "तवा तं माहीत नाही म्हनत होत्या. कवड्याच व्हता जी. मी हातानं काढला असता, तुम्ही उगाच भेल्या."

कुणालाच पटलं नाही. साक्षीदार एकच, माझा नवरा, आणि त्याची सापाकडे पाठ होती.

पुढच्या वर्षापासून मी डिक्टेशनमध्ये सगळ्यांत वर एक ओळ घातली: साप ओळखू येईपर्यंत तो मण्यारच समजावा. परीक्षेत ती कधी विचारली नाही.

नामदेवभाऊ मात्र दर बुद्ध पौर्णिमेला ही गोष्ट सांगायचे. मॅडम कशा किंचाळल्या, त्याची नक्कल करायचे. "हा हात, हा असा आत घातला व्हता मी!" म्हणत उजवा हात सगळ्यांसमोर नाचवायचे. लोक हसायचे. मी मावशींची खीर खात त्या हाताकडे बघत बसायचे आणि त्यांच्या एकाही शब्दाला हरकत घ्यायचे नाही.