कोनाड्यातला अडकित्ता

माझे बाबा, देवमन, अकोल्याच्या एका तेलमिलीत सरकीच्या खात्यात होते, आणि मी त्यांना कधी ताजंतवानं पाहिलेलं आठवत नाही. गावापासून मिल सहा मैल. सहा दिवस सायकल आणि सहा दिवस नाकातोंडात सरकीचा धुरळा. सातव्या दिवशी तरी माणसानं पडून राहावं की नाही? पण रविवारी चहा झाला की ते खुंटीवरचा दोर काढत आणि मला म्हणत, "चाल वं लीला, चुंबक घे."

चुंबक मिलमधलंच होतं. सरकीत खिळे, तारांचे तुकडे येत, ते यंत्रात जाऊ नयेत म्हणून वाटेत चुंबक बसवलेलं असे. त्यातलं एक तडकलं तेव्हा खुशालराव मिस्त्रींनी अर्धा तुकडा बाबांना देऊन टाकला. गावाबाहेर एक पडकी विहीर होती, तिचं पाणी कोणी पीत नसे. आम्ही बापलेक तिच्या काठावर बसायचो, दोराला बांधलेलं चुंबक खाली सोडायचो, तळाच्या गाळात फिरवायचो आणि ओढायचो. बैलाच्या पायातली नाल, बादलीची कडी, मोडका विळा, एकदा तर किल्लीसकट कुलूप. डालड्याच्या डब्यात मी हे सगळं जपून ठेवलं होतं. वर्गात एवढी दौलत कोणाकडेच नव्हती, आणि मी ती मिरवायचेही.

बाबा मात्र वर आलेल्या वस्तूकडे एकदाच बघत आणि डबा माझ्याकडे सरकवत. पुष्कळदा दोर मनगटाला गुंडाळून बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. मग मीच दोर फिरवायचे आणि काही अडकल्याचा हिसका जाणवला की त्यांना हलवायचे, "बाबा, ओढा ना!" ते दचकून ओढायचे. ओढून ओढून त्यांचा खांदा दुखायचा. तरी एकही रविवार चुकला नाही.

मी एकदा आजीला म्हटलं, "बाबांना हा खेळ भारी आवडतो." आजी, पार्बताबाई, उंबऱ्यात बसून दगडानं सुपारी फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"खेळ कायचा वं? तुया बाप अडकित्ता धुंडून राहिला."

मग आईकडून मला सगळं कळलं. छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले ते अंगात नवं वारं भरूनच. घरात शिरले आणि पांढरे कपडे न बदलता थेट कोनाड्यापाशी गेले. तिथे टाक होते, म्हणजे पितळेच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव. आणखी एक-दोन मूर्ती. त्यांनी सगळं एका फडक्यात ओढलं, मिलमधून आणलेल्या लोखंडी तारेनं गाठोडं आवळलं आणि नदी कोसभर लांब म्हणून त्या पडक्या विहिरीत टाकून दिलं. आजी तेव्हा वावरात कापूस वेचत होती. संध्याकाळी आली तर कोनाडा रिकामा. देवांबद्दल तिनं तोंडातून ब्र काढला नाही. एवढंच विचारलं, "तुया बापाचा अडकित्ता कोठी गेला?"

आजोबांचा अडकित्ता त्याच कोनाड्यात असायचा. दांडा तडकला होता म्हणून आजोबांनी त्यावर तांब्याची तार गुंडाळली होती. आजोबांची तेवढीच एक वस्तू घरात उरलेली, आणि बाबांनी ती घाईघाईत देवांबरोबर बुडवली.

त्या दिवसापासून आजी जेवण झालं की सुपारी दगडानं फोडायची. ठक, ठक, ठक. बाबांनी अकोल्याहून नवा अडकित्ता आणला, तो तिनं फळीवर ठेवला तो ठेवलाच. भांडण नाही, रडणं नाही, फक्त ठक ठक. बाबा उठून अंगणात जायचे. आधी त्यांनी गळ टाकून पाहिला, मग चुंबक मिळालं. मला अजून आजीचा राग येतो. चुकून गेलेल्या वस्तूसाठी पोटच्या पोराला इतकं शिणवायचं? आणि बाबांचाही येतो. मला खरं सांगितलं असतं तर मी डब्यासाठी नाला, कड्या गोळा करत बसले नसते.

बासष्टच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पार खाली गेलं. वैशाखातल्या एका रविवारी दोर जड झाला. बाबांनी दोन्ही हातांनी ओढला, मीही मागून धरला. वर आला तो गंजक्या तारेचा गुंता. फडकं कधीच कुजून गेलं होतं. तारेत अडकित्ता होता, दांड्याला तांब्याची तार तशीच. आणि त्याच्यामागे दबून एक टाक आला होता, वाकलेला. बाकीचे देव खालीच राहिले असणार, पितळेला चुंबक धरत नाही.

मी नाचायला लागले. बाबांनी तारेतून अडकित्ता आणि टाक दोन्ही सोडवले.  मग म्हणाले, "चाल. धावू नको."

आजी उंबऱ्यातच होती. बाबांनी अडकित्ता तिच्यापुढे ठेवला. तिनं तारेवरून अंगठा फिरवला.

"हाच," ती म्हणाली. उघडून पाहिला तर गंजून घट्ट बसलेला.  बाबांच्या दुसऱ्या हातात टाक होता, वाटेत तो सहज फेकता आला असता. त्यांनी तो पुढे केला.

"हाबी संगं आला, माय. याचं काय करू?"

आजीनं अडकित्ता खाली ठेवला.

"मले इचारून राहिला?"

"हो."

"साहा वर्सं लागले तुले, देवमन." ती म्हणाली. "अरे, मीच टाकले असते. माया हातानं टाकले असते. या देवायनं आपल्याले कोन्या विहिरीवर पानी भरू देल्लं होतं? पन रोज दिवा मी लावत होती. माया कोनाडा मले न इचारता रिकामा केला तू."

 एवढी वर्षं बाबा अडकित्ता शोधत होते आणि आजी वेगळ्याच गोष्टीची वाट पाहत होती. ते फक्त "चुकलं माय" म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

आजी काठी घेऊन उठली. भर उन्हात आम्ही तिघं पुन्हा विहिरीवर गेलो. तिनं टाक हातात घेतला, पाहिला आणि खाली सोडून दिला. पाण्याचा आवाज ऐकायलाही थांबली नाही.

घरी येऊन बाबा खाटेवर पडले ते पडलेच. मी दोर खुंटीला लावत होते, तर आजीनं दटावलं, "कल्ला करू नको. बापाले निजू दे."

संध्याकाळी जेवण झाल्यावर ती सुपारी घेऊन बसली. दगड जवळच होता. तिनं तो पायानं बाजूला सारला, फळीवरचा नवा अडकित्ता मला काढून द्यायला सांगितला, आणि सुपारी हळू हळू कातरली. बाबा जागे झाले नाहीत.