कालच्या फोटोतला आखूड पाइप

काल मी या ग्रुपवर नव्याने बांधलेल्या इंजिनाचा फोटो टाकला होता. गाडी म्हणजे जुना छोटा ट्रक, नाशिकहून सुरगाण्याला किराणा माल नेणाऱ्या देवरामदादांचा. तुम्ही भरभरून कौतुक केलंत.

ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूमचा पाइप मूळचा इंजिनाला लांबून वळसा घालून जायचा. दिसायला गबाळं. मी नवा पाइप आखूड कापून सरळ नेला. फोटो एवढा नीटनेटका दिसला तो त्यामुळेच.

आज दुपारी दादा नारळ घेऊन आले. आमच्या गॅरेजचा नियम आहे, आधी गाडी गरम करून एक फेरी, मग नारळ.

दादा म्हणाले, "तुमीच बांधलंय ना? मंग फेरी कशाला?"

तरी मी निघालो. म्हसरूळपर्यंत ब्रेक व्यवस्थित लागत होता. परत येताना ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं, जोरात दाबूनही गाडी थांबेना. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर पाइप सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला टेकून मऊ पडलेला आणि आतल्या ओढीने पार चपटा झालेला.

गॅरेजमधून निघून, माल भरून दादा याच गाडीने घाट उतरणार होते.

दुसरा पाइप टाकला, जुन्याच वाटेने. पुन्हा फेरी मारली, मग नारळ फुटला.

कालचा फोटो मी इथून हटवलेला नाही. त्यात तो पाइप स्पष्ट दिसतोय. तुमच्यात कितीतरी मिस्त्री आहेत. खरं सांगा, कुणालाच खटकला नव्हता का? आणि खटकला असेल, तर बोलला का नाहीत?