पालखीच्या वाटेचा नकाशा

माझ्या पीएचडीचा विषय ऐकला की लोक म्हणायचे, बाई, केवढं मोठं काम! धरणानं उठवलेली माणसं नव्या जागी कशी रुजतात आणि धार्मिक संस्थांची मदत त्यांना कितपत पुरते, हा तो विषय. त्याच्याच जोरावर पुढं मी परदेशात निर्वासितांवरच्या परिषदांना गेले, सत्काराच्या शाली घेतल्या, विभागप्रमुख झाले. आणि ज्या म्हाताऱ्याच्या जिवावर हे सगळं केलं, त्याचं एक साधं काम माझ्याच्यानं झालं नाही.

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून सकाळच्या गाडीनं दौंडला उतरायचे, तिथून एसटीनं मांडवगण फराट्याच्या बाजूला. फाट्यापासून चालत गेलं की वसाहत. डोंगरातलं गाव धरणाखाली गेलं, त्यातली चाळीसेक घरं इथं आणून बसवलेली. प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले, त्यामुळे सख्खे शेजारी दोन टोकांना. आसपासचे बागायतदार त्यांना 'धरणवाले' म्हणायचे. घरांचे पत्रे एका धार्मिक ट्रस्टनं दिलेले, हातपंप त्यांचाच, देवीचं नवं देऊळही त्यांचंच.

चैत्रात देवीची पालखी निघायची, ती मात्र जुन्या गावाच्या रांगेनं. म्हणजे पहिला मान प्लॉट एकतीसचा, तिथून थेट चार नंबर, मग परत मागं छत्तीस. चार गल्ल्यांच्या वसाहतीत पालखी दिवसभर हेलपाटे घालायची. मला हसू आलं तसे आबा उखडले. आबा म्हणजे पालखीपुढं चालणारे म्हातारे. सगळी रांग तोंडपाठ अशी त्यांनाच.

"हसता काय म्याडम? गाव पाण्यात गेलं ते देवीला कुठं ठावं हाय? ती आपली तिच्या वाटंनं जाती."

मी त्यांच्यापुढं ड्रॉइंगचा कागद पसरला. ते बोटानं दाखवत गेले, मी पेन्सिलीनं काढत गेले. बुडालेल्या गावातलं एकेक घर, घरधन्याचं नाव, पालखी कुठल्या ओट्यावर टेकायची, निवद कुणाचा. पालखीच्या वाटेला बाण काढले. अख्खी दुपार गेली. शेवटी ते म्हणाले, "ह्यो कागद माघारी द्यायचा बरं का. माझ्यामागं पोरांना कोण सांगणार?"

"देते की आबा, पुढच्या खेपेला," मी म्हणाले. किती सहज म्हणाले!

पुढच्या खेपेला नकाशा गाईडकडं होता. त्याच्या पुढच्या खेपेला मी गेलेच नाही. मग एक दिवस शाळामास्तरांच्या अक्षरातलं पोस्टकार्ड आलं. ट्रस्टचे व्यवस्थापक म्हणत होते, पालखी प्लॉटच्या रांगेनं सरळ न्या, पोरांना रांजणगावला कंपनीत सेकंड शिफ्टला जायचं असतं. वर त्यांनी मेख मारून ठेवली होती: जुनी रांग लेखी दाखवा, मग बघू. खाली आबांचा निरोप होता, 'लेखी आमच्या म्याडमकडे आहे. यात्रेच्या आत पाठवावे.'

मी ते पोस्टकार्ड वाचलं आणि चक्क प्रबंधात घातलं! मदत करणारा देवाची वाटही कशी बदलायला लावतो, याचा असा आयता पुरावा कुठं मिळणार? नकाशा पाठवायचा तेवढा राहिला. तोंडी परीक्षा जवळ आली होती, असं मी अजूनही सांगते. पण पोस्टात जाऊन यायला किती वेळ लागतो? मी मेलीनं तेवढाही काढला नाही.

सातेक वर्षांनी गेले. स्वतःच्या मोटारीनं, नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन. पालखी तेव्हापासून सरळच जात होती. जुनी माणसं एकेक करून गेली होती. आबांच्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं परत आलं होतं, पण आठवण बरीचशी गेली होती. सुनेनं पाण्याचा तांब्या दिला आणि तोंडावर ऐकवलं, "बैल गेला आन् झोपा केला, म्याडम."

मुलगा मात्र हरखला. तो आता देवळाच्या कमिटीत होता. "आणा हिकडं! यंदा जुन्या रांगंनंच फिरवू, कोण आडवतंय बघतो." त्यानं आबांना उशीला टेकवून बसवलं. मी कागद उलगडला.

घरांवर नावं नव्हती.

गाईड म्हणाले होते, अभ्यासात माणसांची ओळख उघड करायची नसते. म्हणून मीच एका रविवारी खोडरबर घेऊन एकेक नाव खोडलं होतं आणि शाईनं सुबक नंबर घातले होते, प्लॉटचे नव्हेत, माझ्याच मनाचे. कुठल्या नंबराला कोण, ती यादी पदवी मिळाल्यावर फाडून टाकली होती. नियमच होता तसा, आणि नियमाला मी मोठी पक्की! पालखीचे बाण तेवढे जागच्या जागी होते.

आबांनी चालता हात कागदावर ठेवला. बोट बाणाबाणानं सरकत गेलं आणि एका घरापाशी थांबलं.

"सतरा," मुलानं वाचून सांगितलं.

"सतरा म्हंजी कोण?" आबांनी मला विचारलं.

त्या गावावर मी डॉक्टर झाले होते, आणि सतरा म्हणजे कोण ते मला सांगता येईना. मी रडायला लागले. मुलानं कागदाची गुंडाळी करून ती माझ्याजवळ ठेवली.

आबांनी गुंडाळीकडं बोट केलं. मग म्हणाले, "सरकारनं बी नंबरच दिलं व्हतं. आमाला वाटलं, तुम्ही नावं लिवून घेतली."