साहेबाची तीस पौंड हवा

माझ्या बायकोनं, मरियमनं, आणि मी शेवटचा चहा एकत्र घेतला तो अल बर्शाला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. मी विचारलं, "दोन चमचे साखर घातलीस ना? डॉक्टर काय, काहीही बोलतो."

"दोनच घातलेत. तुमच्यापुढे कोण बोलणार?" मरियम म्हणाली.

मग मी नेहमीची अल ऐनची गोष्ट सांगायला घेतली. ती म्हणाली, "लिहून तरी काढा एकदा. माझे कान किटले." आता लिहितोय. किटायला कान राहिले नाहीत.

साठच्या दशकातली, इथल्या आखातातली गोष्ट. देशाला आजचं नाव नव्हतं, वाळवंटातल्या अल ऐन गावाला रस्ता नव्हता. मी रत्नागिरीचा, चौथी पास, कंपनीच्या जीपचा ड्रायव्हर. अल ऐनच्या दवाखान्याची औषधं पोचवायची होती. सोबत लंडनहून नवा आलेला साहेब आणि वाटाड्या सालेम, वाळवंटातच वाढलेला बदू माणूस.

वाळूत शिरताना टायरची हवा निम्मी करतात. टायर पसरतो, गाडी रुतत नाही. हे तिथल्या उंटालाही माहीत. साहेबाकडे मात्र पुस्तक होतं. त्यात टायरची हवा तीस पौंड लिहिली होती. रोज सकाळी स्वतः गेज लावून बघायचा.

दुपारी जीप ॲक्सलपर्यंत रुतली. आम्ही खणलं. साहेब ओरडला, "फुल रेस!" आणखी रुतली. पुन्हा खणलं. रेडिएटर उकळून पाणी पीत होता. शेवटी एकच कॅन उरला. त्यात आम्ही तिघं आणि रेडिएटर चौथा.

"सर, थोडी हवा काढू?"

"पुन्हा हवेचं नाव काढलंस तर पुढच्या बोटीनं मुंबईला पाठवीन."

घरी मरियमला सातवा महिना होता. मी पुन्हा फावडं उचललं. सालेम जीपच्या सावलीत पडून होता. म्हणाला, "हबीबी, नोकरी वाचव. इथं तुझी कबर मी फुकट खणीन."

इतक्यात साहेब दुर्बीण घेऊन टेकडीवर चढला. बहुतेक रस्ता शोधायला. सालेमनं डोळा मारला, "यल्ला! चल, उरक!" मी काडीनं व्हॉल्वची पिन दाबून चारी टायरांची निम्मी हवा काढली. टायर वाळूत गाडलेले, बघणाऱ्याला काय दिसणार?

साहेब उतरला. "आता मी सांगतो तशी रेस दे."

दिली. जीप लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर.

"बघितलंस? टेक्निक लागतं."

"येस सर."

संध्याकाळी अल ऐनच्या खजुरीच्या बागा दिसल्या. औषधं पोचली. पहाटे नमाज झाल्यावर मी हातपंपानं चारी टायर भरले. तळहाताला फोड आले. साहेबानं गेज लावला. तीस. खूश होऊन सर्टिफिकेट दिलं : आज्ञाधारक ड्रायव्हर.

शहाणपण दाखवलं असतं तर बोट मिळाली असती. गप्प राहून सर्टिफिकेट मिळालं. नोकरीत मी एवढंच शिकलो.

गोष्ट संपली की मी दरवेळी म्हणायचो, "त्या येड्याला मरेपर्यंत कळलं नसेल."

"अशा माणसांना नाहीच कळत," मरियम म्हणायची आणि हसायची. मला वाटायचं, साहेबाला हसते.

त्या चहानंतर दुपारीच ती गेली. संध्याकाळी दफन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः चहा केला. मोजून दोन चमचे साखर घातली. पहिला घोट तोंडात धरवेना, इतका गोड. सिंकमध्ये ओतला. पुन्हा केला, अर्धा चमचा घालून. तो रोजच्यासारखा लागला.