जागी फरशी

अक्का माणूस तोंडावरून ओळखत नसत, पावलावरून ओळखत. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घराच्या दोन खोल्या मी भाड्याने घ्यायला गेलो, तेव्हा त्या ओसरीवर पाठमोऱ्या बसून गहू निवडत होत्या. फाटक ढकलून मी पहिलं पाऊल टाकलं आणि पायाखालची फरशी डुगडुगली. ठक्-ठक्. मान न वळवता अक्का म्हणाल्या, "नवा मानूस शे. डावा पाय जड टाकस." नंतर वळून मला आपादमस्तक पाहिलं आणि आपण मास्तर का, असं विचारलं. मी जळगावच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. ते त्यांना पावलावरूनच कळलं की काखेतल्या पुस्तकांवरून, हे मी कधी विचारलं नाही.

ते अंगण पाहण्यासारखं होतं. काळ्या घडीव दगडाच्या फरश्या फाटकापासून ओसरीपर्यंत बसवलेल्या, खाली मुरूम आणि वाळूचा थर, मधल्या दरजांत गिरणा नदीची बारीक वाळू. चुना नाही, सिमेंट नाही. अक्कांच्या यजमानांनी ते घालून घेतलं होतं आणि त्यांच्यामागे अक्काच ते राखत होत्या. पावसाळा संपला की हरळी उपटत, तीही छत्रीच्या मोडक्या काडीने, मुळासकट. वरचं गवत खुडून काम भागवणाऱ्याची त्या बायकांत बसून टिंगल करत. झाडताना खराटा दरजेला नेहमी आडवा चालवायचा. दरजेच्या रेषेत ओढला की वाळू उपसून येते. एखादी फरशी खचली की पहारेने उचलायची, खाली वाळू भरायची, परत बसवून लाकडी धुमसाने ठोकायची आणि वर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे पळतं ते पाहायचं. पाणी ओसरीकडे आलं तर सगळं पुन्हा. मी एकदा खराटा घेऊन मदतीला गेलो. थोडा वेळ त्यांनी पाहिलं आणि तुमच्या शाळेतल्या मुलांची काळजी वाटते, असं म्हणून खराटा काढून घेतला.

एवढ्या चोख अंगणात फाटकाजवळची ती एकच फरशी सुटी कशी, हे मला कळेना. शेवटी विचारलं. हातातली काडी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "बठ्ठ्या झोपेल शेत, मास्तर. हाई एक जागी शे." बाकी सगळ्या झोपलेल्या आणि ही एकच जागी, म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाकीचं मला त्यांचे धाकटे भाऊ नामदेव यांच्याकडून कळलं. अक्कांचं माहेर धुळ्याकडचं. नामदेवभाऊ दर अखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी तिथून येत. अक्कांना एकच मुलगा, मधू. वरणगावच्या कारखान्यात लागला होता, रोज रेल्वेने जाई. एका दुपारी जेवून, डबा घेऊन दुसऱ्या पाळीला निघाला. आतून अक्कांनी फरशी वाजलेली ऐकली. कामावर तो पोचलाच नाही. स्टेशनवर कुणी पाहिला नाही, रुळांवर काही सापडलं नाही, भुसावळपर्यंत विचारून झालं. ती फरशी त्याच आठवड्यात बसवायची होती. अक्कांनी ती तशीच ठेवली. रात्री-अपरात्री आला तरी आधी आपल्याला कळावं, म्हणून.

खानदेशात अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या ठेवतात, त्याला पाणी पोचावं म्हणून. यजमानांची घागर अक्का भरत. मधूची भरत नसत. नामदेवभाऊ दर वर्षी विषय काढत. पोरगा उन्हाळ्यात तहानलेला फिरत असेल, असं एकदा ते म्हणाले. अक्का म्हणाल्या, "जित्तानी घागर भरी का कोनी?" त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत.

पहिल्या उन्हाळ्यात मे महिन्याच्या सुट्टीत मी दुपारी वाचत पडलो होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फाटकापाशी फरशी वाजली. ठक्-ठक्. कोण आलं म्हणून मी दारात आलो. फाटक लावलेलं, कडी घातलेली. अंगणात ऊन नुसतं पांढरं पडलेलं. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला अक्का उभ्या होत्या. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि उंबऱ्यावर ठेवला. संध्याकाळी तो भरलेला तांब्या त्यांनी जास्वंदीला ओतला.

पुढे हे मला सवयीचं झालं. रोज होत नसे, पण झालं की दुपारीच. उन्हाने दगड तापतो, फुगतो, सुटा असला की उचलतो, असं मी त्यांना समजावून सांगितलं. माझा त्यावर पुरता विश्वास होता. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उन्हमा वाजस, खरं शे," त्या म्हणाल्या. "तो बी उन्हमाच गया."

अशी काही वर्षं गेली. एका हिवाळ्यात अक्का तापाने आजारी पडल्या. नामदेवभाऊ त्यांना धुळ्याला घेऊन गेले. त्या बऱ्या होत आल्या तेव्हा घर बघायला म्हणून भाऊ एकटे आले आणि त्याच फरशीवर पाय घसरून पडले. कोपर फुटलं. अशक्त झालेली बहीण इथे पडली तर काय, हा एकच विचार त्यांच्या मनात आला असावा. मी संध्याकाळी शाळेतून परतलो, तेव्हा गवंडी सामान आवरत होता. फरशी सिमेंटमध्ये बसली होती, कडेचं ओलं सिमेंट अजून चमकत होतं.

अक्का आल्या त्या दिवशी भाऊ त्यांचा हात धरून होते. फाटकातून अक्कांनी पाऊल टाकलं आणि थांबल्या. दुसरं पाऊल त्याच फरशीवर ठेवलं. अंग थोडं मागे-पुढे झुलवलं. भाऊ हसून म्हणाले, "आते पडानी भीती नही, अक्का."

अक्कांनी त्यांच्या कोपराची पट्टी पाहिली. "चांगलं करं, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

परतल्यापासून त्यांनी अंगणाला हात लावला नाही. दरजा रिकाम्या झाल्या, हरळी वर आली, दोन फरश्या खचल्या. त्या ओसरीवर फाटकाकडे तोंड करून बसत. ऐकायला काही उरलं नव्हतं आणि तरी त्या ऐकत होत्या. मला ते बघवत नसे. मी पुस्तक घेऊन जवळ बसू लागलो.

अखाजी जवळ आली होती. नामदेवभाऊ येऊन बाजाराला गेले होते. अक्का सांजोऱ्यांचा रवा चाळत होत्या, मी वाचत होतो. भर दुपार.

ठक्-ठक्.

चाळणी थांबली. आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं. फाटकाला कडी होती. मी अनवाणीच उठून गेलो. तळपाय भाजत होते. त्या फरशीवर दोन्ही पायांनी उभा राहिलो, टाचा आपटल्या, वाकून बोटांनी कडा दाबल्या. सिमेंटला केसाएवढी चीर नव्हती. फरशी तसूभर हलेना. आणि शेजारच्या सगळ्या दगडांना चटका बसत असताना तो एक दगड माझ्या तळव्यांना गार लागला. हे मी अक्कांना सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

परत आलो तेव्हा अक्का तशाच बसल्या होत्या. हाताला रवा लागलेला. मग म्हणाल्या, "सुटी फरशी कोनाबी पायखाल वाजस, मास्तर. घट्ट फरशी जित्ता मानूसना पायखाल वाजत नही."

त्यांनी चाळणी पुन्हा उचलली. "मना मधूनी घागर भरनी पडी," त्या म्हणाल्या, आणि सांजोऱ्यांसाठी रवा आणखी घेतला.

त्या अखाजीला घरात दोन घागरी मांडल्या. दुसरी भरताना नामदेवभाऊंना रडू आवरेना. अक्का रडल्या नाहीत. डांगर नीट बसेना, ते त्यांनी फिरवून फिरवून घागरीच्या तोंडावर बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रीची काडी घेऊन त्या अंगणात उतरल्या. दुपारचा तांब्या उंबऱ्यावर पुन्हा आला नाही, आणि फरशीही पुन्हा वाजली नाही.

गेल्या चैत्रात अक्का गेल्या. अंगणात वाळूची पाटी भरून ठेवली होती आणि जरा पडते म्हणून आत गेल्या, त्या उठल्याच नाहीत. ती पाटी मी दरजांत भरली. खराटा आडवा चालवला. आता मला तो येतो. त्यांची घागर यंदा भाऊंनी धुळ्याला भरली. मला त्यांनी घरात राहू दिलं आहे.

परवा एक गवंडी शेजारी कामाला आला होता. फाटकाजवळच्या फरशीचं सिमेंट या जुन्या कामात शोभत नाही, म्हणाला. काढून बाकीच्यांसारखी वाळूत बसवून देतो, फार तर जराशी हलेल. मी नको म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालो, असू दे घट्टच.

सुटी फरशी कुणाच्याही पायाखाली वाजते. दुपारी मी ओसरीवर पुस्तक उघडून बसतो, फाटकाला कडी घालतो, आणि ठक्-ठक् चुकू नये म्हणून पान हळू उलटतो.